चार मिनिटं वीस सेकंद : मल्टिकास्ट मधेच का बंद पडतं आणि स्विचवर नेमकं काय करायचं



मागच्या महिन्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, मल्टिकास्ट सुरू होतं, छान चालतं आणि चार-साडेचार मिनिटांनी आपोआप थांबतं. प्रोग्रॅम परत चालवला की पुन्हा सुरू. कोडमध्ये टाइमआउट शोधून शोधून थकलो." मी त्याला एवढंच विचारलं, "घड्याळ लावून बघ, चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास आहे का?" तासाभराने उत्तर आलं, "हो! तुम्हाला कसं कळलं?"

यात माझी काही हुशारी नाही. मी स्वतः त्याच खड्ड्यात पडून आले आहे, आणि माझा खड्डा त्याच्यापेक्षा खोल होता. तो शेवटी सांगते. आधी विषय नीट समजून घेऊ. नेटवर्क, सेन्सर, व्हिडिओ किंवा रेडिओ खगोलशास्त्र यांपैकी कशातही संशोधन करणार असाल, तर कधीतरी तुमच्या टेबलावर एक मॅनेज्ड स्विच येणारच. आणि तो नीट लावला नाही तर तुमची रीडिंग्ज चुकीची येतील, कुठलाही एरर न दाखवता.

मल्टिकास्ट हवं कशाला?

समजा, एका कॅमेऱ्याचा ८ एमबीपीएसचा व्हिडिओ ४० संगणकांना द्यायचा आहे. युनिकास्टने पाठवलात तर सर्व्हर तोच व्हिडिओ ४० वेळा पाठवणार, म्हणजे सर्व्हरच्या केबलवर ३२० एमबीपीएस. ब्रॉडकास्ट केलंत तर सर्व्हरवर ताण नाही, पण ज्यांना नको आहे त्यांच्याही दारात व्हिडिओ जाणार. गावात भोंग्यावरून पुकारल्यासारखं, ऐकायचं नसलं तरी ऐकावं लागतं. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच पाठवतो, ८ एमबीपीएस. प्रती काढायचं काम स्विच करतो, आणि ज्यांनी मागितलं आहे त्यांच्याच पोर्टवर त्या प्रती सोडतो.

हा फरक फक्त बँडविड्थचा नाही. त्याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच घडलं आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, म्हणजे एनएसईच्या, को-लोकेशन सेवेत ब्रोकरना प्रत्येक सौद्याची माहिती 'टिक-बाय-टिक' दिली जायची. सुरुवातीची काही वर्षं ती टीसीपीवरून, युनिकास्टने जायची. म्हणजे सर्व्हर एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला असं क्रमाने पाठवणार. जो आधी जोडला गेला त्याला माहिती आधी मिळण्याची शक्यता. आपल्या दृष्टीने मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पण अल्गोरिदमने सौदे करणाऱ्यासाठी तेवढा वेळ पुष्कळ असतो. पुढे ही सेवा मल्टिकास्टवर नेली गेली. पण ३० एप्रिल २०१९ ला सेबीने आदेश काढला, त्यात या रचनेवर बोट ठेवलं आणि एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, मात्र पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला सांगितले. पॅकेट 'एकामागून एक' पाठवायचं की 'एकदाच सगळ्यांना', हा प्रश्न एवढ्या वरपर्यंत जाऊ शकतो.

संशोधनातलं उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट दुर्बीण घ्या. ६४ अँटेना, आणि त्यांचा डेटा इथरनेट स्विचमधून मल्टिकास्ट गटांच्या रूपात वाहतो. ज्या संगणकाला जो प्रवाह हवा, तो त्या गटाचा सभासद होतो. अँटेनाला पलीकडे कोण ऐकतंय हे माहीतही नसतं. मीरकॅट पुढे एसकेए प्रकल्पात सामील होणार आहे, आणि भारताच्या एसकेए सहभागातली मुख्य संस्था आहे पुण्याची एनसीआरए, खोडदची जीएमआरटी चालवणारी. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा विषय परका राहिलेला नाही.

आणि ही कल्पनाही एका पीएचडी विद्यार्थ्याचीच. स्टीव्ह डिअरिंग स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड चेरिटन यांच्याकडे संशोधन करत होते. १९८५ मध्ये दोघांनी 'होस्ट ग्रुप' ही कल्पना मांडली, १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये तिला आजचं रूप आलं, आणि १९९१ मध्ये डिअरिंग यांचा प्रबंध झाला. त्यामुळे "आपल्या प्रबंधाचं पुढे काय होणार" असं वाटलं की हे नाव आठवा.

स्विचला कसं कळतं कोणाला हवंय?

इथे आमच्या गावाकडचं उदाहरण देते. माझं गाव कळंब, इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला लागून. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्याची शेती नीरा डाव्या कालव्यावर उभी आहे. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे प्रत्येक चारीला जातंच असं नाही. हंगामाच्या आधी पाणीमागणीचा अर्ज भरायचा, नमुना नंबर सात. कोणत्या चारीवर कोणाची मागणी आहे हे पाटकऱ्याला ठाऊक असतं, आणि तो त्याप्रमाणे दारं उघडतो.

स्विचमध्ये हा पाटकरी म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग. तुमचा प्रोग्रॅम एखाद्या मल्टिकास्ट गटात सामील झाला की संगणक 'मला २३९.१०.१०.५ हवंय' असा एक छोटा आयजीएमपी रिपोर्ट पाठवतो. हाच अर्ज. स्नूपिंग चालू असलेला स्विच हा अर्ज वाचतो आणि वहीत नोंद करतो: अमुक गट, अमुक पोर्ट. मग त्या गटाची पॅकेटं त्याच पोर्टवर जातात. स्नूपिंग बंद असेल तर स्विच मल्टिकास्टला ब्रॉडकास्टसारखंच वागवतो, म्हणजे सगळी दारं सताड उघडी.

उदाहरण एका ठिकाणी तुटतं, ते लक्षात ठेवा. पाणी वाटलं की कमी होतं, पॅकेट वाटलं तर कमी होत नाही. स्विच प्रत्येक पोर्टसाठी पूर्ण प्रत काढतो. त्यामुळे इथे टेलच्या शेतकऱ्याला कमी मिळण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो न मागणाऱ्याच्या रानात पाणी घुसण्याचा.

चार मिनिटं वीस सेकंदांचं गणित

अर्ज कायमचा नसतो. संगणक बंद पडला, केबल निघाली, तर रद्द करायला कोण येणार? म्हणून कोणीतरी अधूनमधून विचारावं लागतं, "अजून कोणाला हवंय का?" हे विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. त्याचे ठरलेले आकडे असे :

- दोन प्रश्नांमधलं अंतर : १२५ सेकंद
- उत्तर द्यायची मुदत : १० सेकंद
- रोबस्टनेस (एखाद वेळा हुकलं तरी चालावं म्हणून) : २

नोंद किती वेळ टिकते? २ × १२५ + १० = २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद.

आता ज्युनियरच्या प्रयोगशाळेत काय झालं बघा. स्विचवर स्नूपिंग चालू होतं, बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर ते आधीपासूनच चालू येतं. पण क्वेरियर कोणीच नव्हता. मोठ्या नेटवर्कमध्ये हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. आपल्या टेबलावरच्या एकट्या स्विचला राउटर कुठला? प्रोग्रॅम सुरू झाला, पहिला अर्ज गेला, दार उघडलं. नंतर कोणी विचारलं नाही, म्हणून संगणकाने पुन्हा सांगितलं नाही. २६० सेकंदांनी स्विचने नोंद पुसली आणि दार बंद. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की नवा अर्ज, पुन्हा २६० सेकंद. कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

म्हणून पहिला नियम पाठच करा : स्नूपिंग चालू असेल तर त्या व्हीलॅनमध्ये क्वेरियर हवाच.

स्विचवर करायच्या गोष्टी, क्रमाने

कंपनीनुसार मेनू आणि कमांड बदलतात, त्यामुळे कमांड देत नाही. क्रम मात्र सगळीकडे हाच ठेवा.

१. *प्रयोगासाठी वेगळा व्हीलॅन करा.* ऑफिसचा प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि तुमचा मल्टिकास्ट एकाच व्हीलॅनमध्ये नको.

२. *त्या व्हीलॅनवर आयजीएमपी स्नूपिंग चालू आहे का ते बघा.* काही स्विचवर ते एकदा संपूर्ण स्विचसाठी आणि एकदा व्हीलॅनसाठी असं दोन ठिकाणी चालू करावं लागतं. आयपीव्ही६ वापरत असाल तर हेच काम एमएलडी स्नूपिंग करतं, ते वेगळं चालू करायचं.

३. *क्वेरियर चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये स्विचला आयपी पत्ता द्या.* पत्ता दिला नाही तर काही स्विचचा क्वेरियर सुरूच होत नाही. काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून प्रश्न विचारतात, आणि काही उपकरणं अशा निनावी प्रश्नाला उत्तर देत नाहीत. एकाहून जास्त क्वेरियर असतील तर सगळ्यात लहान आयपी पत्त्याचा जिंकतो, बाकीचे गप्प बसतात.

४. *क्वेरियर कुठे ठेवायचा ते विचार करून ठरवा.* दोन-तीन स्विच असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. ज्या पोर्टकडून प्रश्न येतो त्याला स्विच 'राउटर पोर्ट' समजतो. अर्ज त्याच दिशेने पुढे पाठवले जातात, आणि कोणी मागितलेलं असो वा नसो, सगळे मल्टिकास्ट प्रवाहही त्या दिशेने जातात. म्हणजे क्वेरियर दूरच्या, बारीक लिंकमागच्या स्विचवर ठेवलात तर सगळं ओझं त्या लिंकवर पडेल. डेटा जिथून निघतो त्या मुख्य स्विचवर क्वेरियर ठेवावा. आणि क्वेरियर अजिबातच नसेल तर राउटर पोर्टही नसतो. मग दुसऱ्या स्विचवरचा अर्ज पहिल्या स्विचपर्यंत पोचतच नाही.

५. *न मागितलेल्या मल्टिकास्टचं काय करायचं ते ठरवा.* ज्या गटाची वहीत नोंदच नाही त्याची पॅकेटं सगळीकडे सोडायची की टाकून द्यायची, हा पर्याय बऱ्याच स्विचवर असतो. प्रयोगासाठी 'टाकून द्या' निवडा. मात्र २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी असतात, ते सगळीकडे जाऊ द्यायचे असतात. त्यांना हात लावू नका.

६. *'फास्ट लीव्ह' जपून वापरा.* हा पर्याय चालू असेल तर एका सभासदाने 'मी निघालो' म्हटल्याबरोबर स्विच दार बंद करतो. एका पोर्टवर एकच संगणक असेल तर उत्तम. पण त्या पोर्टमागे आणखी एक छोटा स्विच आणि चार संगणक असतील, तर एक निघाला की बाकी तिघांचंही बंद.

७. *कॉन्फिगरेशन सेव्ह करा.* हसू नका. चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेलं कॉन्फिगरेशन वेगळं असतं. लाइट गेली, स्विच परत सुरू झाला, आणि क्वेरियर गायब. आपल्याकडे लाइट जातेच.

पत्ता निवडताना एक सापळा

खासगी वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत, त्यातलेच घ्या. पण २३९.०.०.१ किंवा २३९.१२८.०.१ घेऊ नका. कारण सांगते. मल्टिकास्टचा आयपी पत्ता इथरनेटच्या मॅक पत्त्यात बसवताना शेवटचे २३ बिटच घेतले जातात. गटाच्या पत्त्यात बदलू शकणारे बिट २८ असतात, म्हणजे ५ बिट गळतात. २ चा पाचवा घात ३२, म्हणून ३२ वेगवेगळे आयपी पत्ते एकाच मॅक पत्त्यावर येतात. २३९.०.०.१ आणि २३९.१२८.०.१ हे दोन्ही २२४.०.०.१ च्याच मॅकवर येतात, आणि तो तर 'सगळ्यांसाठी' राखीव आहे. मॅक बघून निर्णय घेणारा स्विच तुमचा प्रवाह सगळीकडे सोडून देईल. तुम्ही बाकी सगळं बरोबर करूनही. तेव्हा २३९.१०.१०.५ सारखे पत्ते घ्या, आणि दोन प्रवाहांचे शेवटचे २३ बिट सारखे येत नाहीत ना, ते कागदावर तपासा.

प्रोग्रॅमबद्दल एकच : मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल मुळात १ असतो. एका स्विचच्या आत ठीक, पण मधे राउटर आला की पॅकेट तिथेच संपतं.

रीडिंग घ्यायच्या आधीची चाचणी

तीन संगणक घ्या : एक पाठवणारा, एक घेणारा, आणि एक बघ्या. बघ्याने काहीही मागायचं नाही, फक्त टीसीपीडम्प किंवा वायरशार्क लावून बसायचं. प्रवाह तयार करायला आयपर्फ वापरत असाल तर आवृत्ती २ घ्या, आयपर्फ ३ मध्ये मल्टिकास्ट नाही. मग :

- किमान दहा मिनिटं चालवा. पाच मिनिटांच्या आतली चाचणी ही चाचणीच नव्हे, का ते आता तुम्हाला माहीत आहे.
- बघ्याला तुमच्या गटाचं एकही पॅकेट दिसता कामा नये. दिसलं तर स्विच सगळीकडे सोडतोय.
- बघ्याच्या कॅप्चरमध्ये साधारण दर १२५ सेकंदांनी क्वेरी दिसली पाहिजे. नसेल तर क्वेरियर नाही.
- स्विचवर तीन गोष्टी बघून लिहून ठेवा : गटांची यादी, क्वेरियरचा पत्ता, आणि प्रत्येक पोर्टचे काउंटर.
- घेणारा प्रोग्रॅम बंद करा. दोन-तीन सेकंदांत त्या पोर्टचा प्रवाह थांबला पाहिजे.
- स्विचची वीज काढून परत लावा आणि सगळं पुन्हा करा.

हे सगळं वायफायवर करू नका. ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा कमी वेगाने पाठवतो आणि पोचलं की नाही याची पावती घेत नाही. तुम्ही स्विच मोजायला जाल आणि हवा मोजून याल.

आता माझा खड्डा

ज्युनियरचा स्विच बिचारा प्रामाणिक होता. प्रवाह थांबला, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे तरी त्याला कळलं. माझ्या स्विचवर पाचव्या मुद्द्यातला पर्याय 'सगळीकडे सोडा' असा होता. २६० सेकंदांनी नोंद पुसली गेली, पण प्रवाह थांबला नाही. तो सगळ्या पोर्टवर जायला लागला. घेणाऱ्यांना डेटा मिळतच होता, स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

माझे सहा प्रवाह होते, प्रत्येकी २० एमबीपीएस. मिळून १२०. त्याच व्हीलॅनमध्ये १०० एमबीपीएस पोर्टचे काही जुने सेन्सर बोर्ड होते. त्या पोर्टमध्ये १२० मावणार कसे? बोर्डांची स्वतःची पॅकेटं गळायला लागली. मी तीन आठवडे रीडिंग घेतली आणि निष्कर्ष लिहिला : "मल्टिकास्टमुळे कमी क्षमतेच्या उपकरणांची कामगिरी खालावते." तक्ते होते, आलेख होते, एरर बारसुद्धा होते.

गाइडनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला : "ज्या बोर्डांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांच्या पोर्टचे काउंटर पाहिलेस का?"

पाहिले नव्हते. पाहिल्यावर दहा मिनिटांत सगळं उघड झालं. मी मल्टिकास्ट मोजतच नव्हते, मी माझा चुकलेला स्विच मोजत होते. तीन आठवड्यांची रीडिंग्ज बाजूला ठेवली. क्वेरियर लावून तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा बोर्डांवर काही परिणाम दिसला नाही. तो मसुदा तसाच छापला गेला असता तर? कोणीतरी तो वाचून आपल्या नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट टाळलं असतं, आणि मला तर कधी कळलंही नसतं.

म्हणून सांगते, स्विच हा प्रयोगाच्या बाहेरचा डबा नव्हे. तो तुमच्या उपकरणांपैकीच एक आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी काट्याचं कॅलिब्रेशन लिहून ठेवतात ना, तसं आपण स्विचचं लिहायचं. पद्धतीच्या प्रकरणात हे द्या : स्विचचं मॉडेल आणि फर्मवेअर, स्नूपिंग चालू की बंद, क्वेरियर कोण, त्याचे वेळेचे आकडे, आयजीएमपीची आवृत्ती, न मागितलेल्या मल्टिकास्टचं धोरण, आणि प्रयोगाआधी-नंतरचे पोर्ट काउंटर. अर्ध्या पानाचं काम आहे. पण दुसऱ्या कोणी तुमचा प्रयोग पुन्हा करायला घेतला आणि त्याचे आकडे जुळले नाहीत, तर उत्तर बहुतेक त्या अर्ध्या पानातच सापडेल.

आणि गाइडनी विचारायच्या आधी तो प्रश्न स्वतःला विचारा. ज्याने मागितलं त्याला मिळालं का, हे सगळेच बघतात. ज्याने मागितलं नव्हतं त्याच्याकडे काय गेलं, ते बघायला विसरू नका.

तुमच्या लॅबमधल्या स्विचवर क्वेरियर आहे का? आज जाऊन बघा, पाच मिनिटं लागतील. किंवा नुसते वाट बघत बसलात, तर चार मिनिटं वीस सेकंद.